ओंकारचे सत्तर पौंड

आमच्या मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात ‘सत्तर पौंड: एका बापाचा प्रयोग’ असा माझा लेख छापून आला होता. तो वाचून कोणी नाचणीच्या भाकरीमागे लागलं असेल तर खुशाल लागा, नाचणीने कोणाचं वाईट होत नाही. पण त्या लेखातलं बाकी सगळं चूक होतं. यंदाच्या संपादक बाई म्हणाल्या, “काका, चार ओळींचा खुलासा द्या, जागा कमी आहे.” मी म्हटलं, बाई, माझी चूक चार ओळींत मावणारी नाही. मला पानं द्या नाहीतर अंकच नको. त्यांनी पानं दिली, हा त्यांचा चांगुलपणा.

मी मूळचा नागपूरचा. जन्मभर ह्यूस्टनच्या आसपास पाइपलाइनची कामं केली आणि आता शुगर लँडमध्ये निवृत्त होऊन घरच्यांना उपदेश करतो. माझी बायको वासंती. आम्हाला एकच मुलगा, ओंकार, वय तेहतीस. मंडळातल्या बाकीच्यांची मुलं डॉक्टर, वकील, कॉम्प्युटरवाली. आमचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडू. हो, तोच खेळ, ज्यात हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात.

ओंकार ऑफेन्सिव्ह लाइनमन होता. म्हणजे काय, हे नागपूरला दर फोनला नव्याने सांगावं लागतं. चेंडू फेकणारा एक असतो, झेलणारे आणि पळणारे असतात, त्यांची पोस्टरं लागतात. फेकणाऱ्याच्या पुढ्यात पाच आडदांड गडी उभे असतात. समोरून जो चालून येईल त्याला अंगावर घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. चेंडूला हातही लावायचा नाही. ओंकार त्या पाचांत डावीकडून दुसरा. लाउडस्पीकरवर त्याचं नाव यायचं ते फक्त त्याच्या हातून काही चुकलं की. माझी थोरली वहिनी म्हणाली होती, “म्हणजे भावजी, मार खायची नोकरी आहे म्हणा की!” मला राग आला होता, पण बाईचं काय चुकलं?

सात सिझन तो खेळला, चार वेगवेगळ्या टीममधून. सुरुवातीच्या निवडीत त्याला कोणी घेतलंच नव्हतं. पहिली दोन वर्षं नुसता सरावापुरता ठेवलेला, कधीही ‘जा’ म्हणतील असा. त्या वर्षांत त्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली. दुखलं तरी सांगायचं नाही. ट्रेनरच्या खोलीत जो फार दिसतो, त्याच्या जागी सोमवारी दुसरा उभा असतो. एकदा त्याचं बोट मोडलं. त्याने ते शेजारच्या बोटाला टेपने बांधलं आणि उरलेला सिझन काढला. आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. वासंती रडली. मी काय केलं? मी ती गोष्ट प्रत्येक पार्टीत सांगितली. पोरगा आहे की पहाड, असं म्हणत सांगितली.

•

आता वजनाबद्दल. ओंकारची मूळ चण दोनशे चाळीस पौंडांची. पण ह्या कामाला तीनशेच्या खालचा माणूस कोणी उभा करत नाही, त्याला समोरचे उडवून लावतात. त्यामुळे खाणं हीच त्याची अर्धी नोकरी होती. भूक नसताना खायचं, मळमळलं तरी खायचं. शाळेत असताना कोचने “ह्याला वाढवा” म्हटलं, तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्याचं वजन घेत आलो. घरचा वजनकाटा तीनशेला संपतो, म्हणून मी खोकी तोलायचा लोखंडी काटा आणून गॅरेजमध्ये बसवला. तो दुसऱ्या गावी खेळायला गेला की रविवारी फोनवर आकडा सांगायचा. काही बापलेक मासे पकडायला जातात, आमचं हे होतं.

गुडघा गेला आणि खेळ संपला. तो आमच्याच घरी राहायला आला आणि जवळच्या शाळेत मुलांना शिकवू लागला. खेळ सुटला की लाइनमन लोक वजन उतरवतात, उतरवावंच लागतं, नाहीतर हृदय बोंबलतं. त्याच्या जुन्या दोस्तांत तर वजन उतरवण्याची चढाओढ असते, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मग काय, मी कंबर कसली. तीनशे आठवरून दोनशे अडतीसवर आणायचं. नाचणी, दुधी, मूग, संध्याकाळी सातनंतर काही नाही. दर रविवारी आकडा आमच्या ‘परिवार’ ग्रुपवर टाकायचो, की नागपूर, पार्सिपनी, ॲन आर्बर, सगळीकडून टाळ्यांचा पाऊस. मी इंजिनियर माणूस, आलेख काढला. रेघ कशी झर्रकन खाली येत होती!

त्याला खाज सुटायला लागली. पायांना, पोटऱ्यांना. केसांच्या ब्रशने खाजवायचा, रक्त निघेपर्यंत. मी त्याला सांगितलं, चरबी वितळली की कातडी सैल पडते, खाज सुटायचीच. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. मनानेच ठोकून दिलं, आणि नंतर तेच लेखातही लिहिलं. घामाने त्याचे टी-शर्ट पिळून काढावे लागत होते. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय.

वासंतीला पटत नव्हतं. “अहो, तो वाळून राहिला. चेहरा बघा ना त्याचा. मला काही बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, “तुला पोरगं गुबगुबीतच पाहिजे. तुमच्या माहेरी तेच सौंदर्य.”

हे वाक्य मी बोललो होतो. ते इथे लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुन्हा कधी ‘असं मी म्हटलंच नाही’ असं म्हणता येणार नाही.

•

संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाने माझं भाषण ठेवलं. मी आलेख पडद्यावर दाखवला आणि शेवटी ओंकारला स्टेजवर बोलावून फिरवलं, प्रदर्शनातला बैल फिरवावा तसं. तो बिचारा हसत फिरला. टाळ्या झाल्या.

नंतर तिळगुळाच्या रांगेत डॉक्टर नलूताई भेटल्या. सत्तरी पार केलेल्या, लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी पोरांना इंजेक्शनं त्यांनीच टोचली आहेत, ओंकारलाही. त्याने वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याला उठूच दिलं नाही.

“थांब रे बाळा, असाच वाक जरा.” हातातला वाडगा त्यांनी माझ्याकडे दिला आणि त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बोटं ठेवली. तिथे एक गाठ होती. “हे केव्हापासून आहे?”

“इट्स नथिंग, काकू.”

“मी काय आहे ते विचारलं नाही. केव्हापासून?”

“सप्टेंबर.”

सप्टेंबरमध्ये मी लेख लिहीत होतो. जेवणाच्या टेबलावर, त्याच्या समोर बसून.

नलूताई माझ्याकडे वळल्या. “सुधाकर, ह्याला घाम येतो? खाज?”

“येतो ना! ती चरबी जी असते ती...”

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. चारचौघांत मला कोणी असं बोललं नव्हतं. “उद्या सकाळी मी फोन करते, ह्याला घेऊन जा. उद्याच.”

•

तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला, आणि दहाव्या दिवशी आम्ही तिघं एका छोट्या खोलीत बसलो. डॉक्टर तरुण होती. तिने सरळ सांगितलं, लिंफोमा. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मानेत आहे, छातीत आहे, पोटातही आहे. ह्या जातीचा कॅन्सर पुष्कळ लोकांचा बरा होतो, पण उशीर झाला आहे, उपचार मोठे घ्यावे लागतील.

मग तिने विचारलं, “वजन मुद्दाम उतरवलंत की आपोआप उतरलं?”

ओंकार म्हणाला, “माय डॅड्स प्लॅन.” आणि माझ्याकडे पाहिलं.

आता हे वाचून तुम्हाला माझी कीव येईल. मी खिशातून फोन काढला आणि तिला आलेख दाखवला. तशा वेळीही कुठेतरी वाटलं असावं की बाई म्हणेल, वा. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, एका जागी थांबली आणि म्हणाली, “ही रेघ इथे मे महिन्यात एकदम वळते. मे महिन्यात तुम्ही काय बदललंत?”

काहीच नाही. तीच नाचणी, तोच दुधी. त्या वळणाशेजारी मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘प्रयोगाला वेग आला.’ जन्मभर पाइपातला दाब अचानक पडला की मी माणसं पळवली, गळती शोधा म्हणून ओरडलो. आणि पोटच्या पोराची रेघ घसरली तेव्हा मी टाळ्या मोजत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते असं.

वासंती त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवायची, ताट ठेवायची. चौथ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, “मी सांगितलं होतं असं मला म्हणायचं नाहीये.” मग सुरी ठेवून म्हणाली, “पण मी सांगितलं होतं.” मी म्हटलं, हो, सांगितलं होतंस. ती रडली, मीही रडलो. कांदा नव्हता, कोबी होता, त्यामुळे बहाणाही करता आला नाही.

•

फेब्रुवारीपासून दर दुसऱ्या गुरुवारी केमो. सकाळी सातला निघायचं. आधी रक्त काढायचं, आकडे चांगले आले तरच औषध, नाहीतर परत घरी. छातीत कातडीखाली एक डबी बसवली होती, तिच्यातून चार पिशव्या सोडायच्या. त्यातली एक लाल. ती देताना डेनिस नावाची नर्स शेजारी बसून स्वतः हाताने हळूहळू दाबायची आणि आपल्या कुत्र्याच्या भानगडी सांगायची. ते कुत्रं काय काय खातं ह्याची आम्हाला खडान्‌खडा माहिती झाली. बाई मुद्दाम सांगायची, हे मला फार उशिरा कळलं.

तिथल्या गाऊनला पाठीमागे नाड्या असतात. खेळत असताना गुडघ्याच्या ऑपरेशनला ओंकारला दोन गाऊन जोडून घालावे लागले होते. आता एकच घातला तरी तो खांद्यावरून उतरायचा. मी नाडी बांधून देत होतो.

त्याच्या तोंडाला सतत लोखंडाची चव. वासंतीने काय काय केलं! शेवटी चिंचेचं पातळ सार तेवढं पोटात ठरायचं, तेही कोमट. बाहेरचं कच्चं काही चालत नाही, म्हणून कोथिंबीरसुद्धा उकळून घालायची. मार्कस नावाचा त्याचा जुना दोस्त, शेवटच्या टीममध्ये त्याच्या अगदी शेजारी उभा राहणारा, दोन तास ड्राइव्ह करून दर खेपेला यायचा. तीनशे वीस पौंडांचा तो गडी पाहुण्यांच्या खुर्चीत कसाबसा मावायचा, आणि एका शब्दाने काही विचारायचा नाही. सार पिऊन म्हणायचा, “मॅम, इज देअर मोअर?” वासंती पुढच्या खेपेला दुप्पट आणायची. असली माणसं होती म्हणून ते गुरुवार निघाले.

पण घरी परत आलं की मला भीती वाटायची. कशाचीही. खोकला आला तरी, नाही आला तरी. रविवार सकाळ झाली की पाय आपोआप गॅरेजकडे वळायचे आणि मी दारातून परत फिरायचो.

डेनिसने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला की विचार करत बसायचं नाही, फोन करायचा आणि निघायचं. केमोने पांढऱ्या पेशी मरतात, साधा जंतूही माणसाला घेऊन जाऊ शकतो. मी फ्रिजवर कागद लावला, दिवसातून तीनदा ताप लिहायचा. ओंकार म्हणाला, “आय विल डू इट, बाबा. मी लहान नाही.” तो आपल्या खोलीत ताप मोजायचा आणि येऊन लिहायचा. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. अठ्ठ्याण्णव पॉइंट सात. मला ते ओळीने लिहिलेले आकडे बघून बरं वाटायचं. तुम्ही म्हणाल, हा माणूस एकदा ठेचकाळून शिकला नाही? नाही शिकला.

एप्रिलमधल्या एका दुपारी वासंतीने त्याच्या मानेवरचा टॉवेल उचलला आणि ओरडली, “अहो, अंग भाजतंय ह्याचं!” मोजला तर एकशे तीन.

त्या दुपारी हायवे तुंबलेला. बाहेर नेहमीचा घामट उकाडा आणि गाडीत ओंकारचे दात वाजत होते, एसी बंद करूनही. वासंती मागे त्याला धरून बसली होती आणि “बाळा, बोलत राहा, बोलत राहा” म्हणत होती. तो म्हणत होता, “आय ॲम फाइन, आई.” मी हॉर्न वाजवत होतो. ह्या देशात इतक्या वर्षांत मी इतका हॉर्न वाजवला नव्हता.

आयसीयूत पाच दिवस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की रक्तदाब टिकत नाहीये, पुढचे काही तास काहीही सांगता येणार नाही. वासंती भिंतीला टेकून खाली बसली. मी देवाला काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

तो त्यातून निघाला. सहाव्या दिवशी साध्या खोलीत आणला, तेव्हा बोलायला लागला. आणि मी, एवढं सगळं झाल्यावर, पहिलं काय केलं असेल? ओरडलो.

“खोटं लिहिलंस तू! तीन दिवस ताप होता तुला! काहून लिहिलं खोटं?”

“सांगितलं असतं तर पुढचा डोस थांबवला असता,” तो म्हणाला. आवाज घोगरा होता. “आय वॉज नॉट गोइंग टू गेट बेंच्ड.”

“बाहेर बसवायला हा काय खेळ आहे? मरत होतास तू!”

तो छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, “बाबा, यू लव्ह्ड दॅट स्टोरी.”

“कुठली?”

“माझ्या बोटाची. प्रत्येक पार्टीत. मी किचनमधून ऐकायचो. गाठ लागली हाताला, तेव्हाही तुम्ही आर्टिकल लिहीत होता. सो हॅपी होता तुम्ही. हाउ कुड आय टेल यू?”

मी त्याच्या पलंगावर बसलो, त्याचं ते वाकडं जुळलेलं बोट हातात घेतलं आणि म्हटलं, “माझं चुकलं, ओंकार. ती गोष्ट सांगताना मला लाज वाटायला पाहिजे होती. आणि आर्टिकल गेलं खड्ड्यात.” त्याने बोट काढून घेतलं नाही.

वासंती खिडकीशी उभी होती. म्हणाली, “दोघंही गाढव आहात. एक थोरलं, एक धाकटं. मी कोणाकोणाच्या मानेला हात लावून बघत बसू?”

•

ज्यांच्या घरी हे दुखणं आलं आहे त्यांना एक सांगतो, औषधांचं डॉक्टर सांगतील. आजारी माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला, की तो ते कोणासाठी म्हणतो आहे ते बघा. आमच्या घरी तो माझ्यासाठी म्हणत होता. मी खचेन म्हणून. मी दिवसभर हसरा चेहरा करून फिरत होतो, त्याला वाटायचं, हा हसतोय तोवर मला हसायलाच पाहिजे. हॉस्पिटलमधून आल्यावर मी फ्रिजवरचा कागद काढला. त्याला म्हटलं, मी घाबरलेलो आहे, रोज घाबरलेला असतो, तुझ्यापासून लपवत होतो. तो म्हणाला, “आय नो, बाबा. तुम्ही लपवण्यात फार बॅड आहात.”

तरी पुढचे दोन महिने मी त्याच्या तोंडाकडे बघायचो आणि मला कळायचं नाही, हा खरं बोलतोय की नाही. तो ‘बरं आहे’ म्हणायचा. आज बरा असेल, की आजही आतल्या आत काही दडपत असेल? विश्वास एकदा गेला की आपल्याच मुलाकडे परक्यासारखं बघावं लागतं. त्या आजारात मला सर्वांत जास्त त्रास ह्याचा झाला.

जूनच्या शेवटी, दहाव्या डोसानंतर चार दिवसांनी, मी दुकानात वासंतीसाठी चिंच शोधत होतो. तिच्या डोळ्यांची तपासणी होती, ती तिकडे गेली होती. फोन वाजला. ओंकार.

“बाबा, शंभर पॉइंट सहा आहे. दोनदा मोजला. मी डेनिसला फोन केला, ती म्हणाली या.” मग म्हणाला, “हाडं खूप दुखतायत. मला भीती वाटतेय. तुम्ही लवकर या ना.”

तेहतीस वर्षांत त्याने मला असं कधी म्हटलं नव्हतं. पाचव्या वर्षी सायकलवरून पडला तेव्हाही नाही. ढकलगाडी तशीच तिथे सोडून मी धावलो. माझ्या वयात मी धावणं म्हणजे लोकांना बघण्यासारखं असणार, बघू देत.

तो दारातच बूट घालून बसला होता. गाडीत बसताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला, सगळा भार टाकून, आणि मला तो झेपला. आता दोनशे दहाच तर राहिला आहे. इमर्जन्सीतून चार दिवसांसाठी ॲडमिट केलं, औषधं वेळेवर सुरू झाली, ताप उतरला. शेवटचा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. त्यात काय निघेल, मला माहीत नाही, आणि ह्या वेळी मी काही भाकीत करणार नाही.

पण त्या दुपारचं मला सांगायचंय. पोरगा तापाने फणफणलेला, शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसलाय, “बाबा, दुखतंय” म्हणून कण्हतोय, समोर सगळे सिग्नल लाल. आणि मी रडतोय, घाबरलोय, आणि खरं सांगतो, त्या भीतीत मला आनंदही झालाय. ताप शंभर पॉइंट सहा होता. आकडा त्याने स्वतःहून सांगितला होता, आणि तो खरा होता.